आभार मानताना घेतलेलं नाव

डॉक्टर,

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. कितीदा तरी ओठांवर आलं आणि मी डाळिंबाच्या भावावर, नाहीतर तुमच्या गुडघ्यावर बोलायला लागलो. त्या गुडघ्याची मी जितकी चौकशी केली तितकी त्याला गरज नव्हती. “बरा आहे, मास्तर,” म्हणायचात तुम्ही, आणि तेवढ्यात माझी हिंमत संपायची. आता तुम्ही ऐकायला नाही, तर मला कंठ फुटला आहे.

तुमचं शिक्षण कुठे झालं, नोकरी कुठे कुठे केली, बदल्या किती झाल्या, हे सगळं वकीलसाहेबांनी मंडळाच्या याच अंकाच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांनी लिहायलाच हवं. मला त्यात भर घालायची नाही. मला फक्त एक दुरुस्ती करायची आहे, आणि ती तुमच्या नावावर पडलेल्या एका डागाची आहे.

तुम्ही गुराढोरांचे डॉक्टर, मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा. गावाने तुम्हाला डॉक्टर केलं आणि मला मास्तर. एवढ्या वर्षांच्या ओळखीत आपण एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नाही, की नावाने हाक मारली नाही. पण भांडलो मात्र भरपूर. आपल्या मंडळाची सगळी भटकंती म्हणजे आपल्या दोघांचं भांडण, आणि मागे चालणारी पंचवीस-तीस माणसं म्हणजे त्याचे प्रेक्षक, असं तुमच्या घरात सुलभावहिनी म्हणायच्या ते खोटं नव्हतं.

महिन्यातल्या एका रविवारी बारामतीत वाचनालयाच्या वरच्या सभागृहात विज्ञानावरचं व्याख्यान आणि दुसऱ्या एका रविवारी पहाटे गाडी भरून बाहेर. भिगवणच्या अंगाला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला, नाहीतर मोरगावच्या अलीकडे माळावर चिंकारा बघायला. व्याख्यानं मी ठरवायचो, भटकंती तुम्ही. माझ्या व्याख्यानांना लोक पंख्याखालच्या खुर्च्या आधी धरायचे. तुमच्या भटकंतीला यायला लोक आदल्या दिवशी डबे भरून ठेवायचे. हा फरक मला कळत होता, आणि थोडा बोचतही होता. आज लपवून काय करायचं?

सोमेश्वरनगरची ती दुपार आठवते. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांसमोर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांसमोर, तुमचं सापांवर व्याख्यान ठेवलं होतं. पडदा लावला, यंत्र लावलं, तुम्ही विषारी आणि बिनविषारी सापांची चित्रं दाखवायला सुरुवात केली. पुढे बसलेली एक बाई पदर खोचत म्हणाली, “सायेब, साप दूध पितो का न्हाय ते ऱ्हाऊ द्या. उसात पाय कसा टाकायचा तेवढं सांगा.” सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. यंत्र बंद केलंत, आणि सगळा घोळका घेऊन उसाच्या कडेला गेलात. पाचटावर काठी कशी आपटायची, हात कुठे घालायचा नाही, चावला तर कुठल्या दवाखान्यात आधी पळायचं, हे तासभर दाखवत राहिलात. मी पडद्यापाशी एकटा खुर्चीवर. परतताना मी तुम्हाला म्हणालो, “व्याख्यान अर्धवट राहिलं.” तुम्ही म्हणालात, “राहू द्या हो. बाईचा प्रश्न पुरा झाला ना!”

माळावर झाडं लावायचा माझा हट्टही तुम्ही असाच मोडलात. मोरगावच्या एसटीत आपण त्यावर इतक्या जोरात भांडलो की कंडक्टरने मागे येऊन, कुणाचा भाऊबंदकीचा दावा आहे का, असं विचारलं. मी म्हणत होतो, एवढी जमीन ओसाड पडली आहे, मंडळाने रोपं लावावीत. तुम्ही म्हणालात, “मास्तर, माळाला टक्कल पडलेलं नाही. गवत हेच त्याचे केस. तुम्ही त्याला टोप घालायला निघालात.” आणि मग माझ्या डोक्याकडे बघून जरा जास्तच वेळ हसलात. हे भांडण आपण मिटवलं नाही. माझं म्हणणं अजूनही पूर्ण चूक होतं असं मला वाटत नाही. पण ते असू द्या.

मिटवायचं राहिलेलं खरं भांडण वेगळंच होतं.

तुम्हाला वाटायचं, माळावरची प्रत्येक गोष्ट गावाला सांगायची नसते. मला वाटायचं, सांगायचीच असते. विज्ञान म्हणजे उघडं दार, असं मी वर्गात चाळीस वर्षं शिकवलं. कुठे पाहिलं, कधी पाहिलं, हे सांगितलं नाही तर ती भाकडकथा. तुम्ही मान डोलवायचात आणि सांगायचं ते सांगायचा नाहीत. मी म्हणायचो, डॉक्टर, तुम्ही जाणून लपवता. तुम्ही म्हणायचात, लपवत नाही, झाकतो.

सिदूआबा इंदापूर तालुक्यातल्या एका माळावरचे मेंढपाळ. वस्तीचं नाव मी आजही लिहिणार नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे झालं. त्यांच्या मेंढ्यांना लस टोचायला तुम्ही नोकरीत असताना जायचात आणि निवृत्तीनंतरही जात राहिलात. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे जिथे मेंढ्या रात्री कोंडतात तिथे, तुमचा शब्द शेवटचा असायचा. त्यांनी तुम्हाला एका वर्षी लांडग्याचं बीळ दाखवलं, आणि तुम्ही ते दाखवायला मला एकट्याला नेलंत. मंडळातल्या कुणाला नाही, वकीलसाहेबांना नाही. मला. का, ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता वाटतं, भांडणारा माणूस एकदा गप्प होऊन बघेल, अशी तुमची अपेक्षा असावी.

हिवाळा संपत आला होता. गवत वाळून पिवळं झालेलं, कुसळं पायजम्यात शिरत होती. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

“हे मास्तर. माझे दोस्त,” तुम्ही म्हणालात.

“लई बोलत्यात का?” आबांनी मला न विचारता तुम्हाला विचारलं.

“बोलतात. पण सकाळी जरा कमी.”

“मंग उन्हं व्हायच्या आत माघारी न्या.”

आपण पालथे पडून दुर्बिणीतून पाहिलं. समोरच्या उतारावर बिळाच्या तोंडाशी पिल्लं खेळत होती. एकाच्या तोंडात काळ्या घोंगडीचा तुकडा होता आणि दुसरं तो ओढत होतं. दोघंही मागे रेटत होती, घसरत होती, पुन्हा पकडत होती. मी आयुष्यात इतका वेळ गप्प राहिलो नव्हतो.

“घोंगडी माजीच हाय ती,” आबा हळूच म्हणाले. “वाड्यावरनं उचलली.”

मी विचारलं, “मेंढरूही नेत असेल की, आबा?”

“नेतंय की! त्येला बी प्वॉट हाय. पर आमच्या म्हाताऱ्याचं सांगनं व्हतं, लांडगं हाय तितं कळपात रोगट जित्राब टिकत न्हाय. आमी हाकलतो, शिव्या देतो, पर बिळाला हात लावत न्हाय.” मग ते तुमच्याकडे वळले. “डाक्टर, कुनाला बोलू नगा. खालच्या अंगाची मानसं बिळात धूर करत्यात, धोंडं टाकत्यात. तुमच्या शबुदावर दावलंय.”

“शब्द दिला, आबा,” तुम्ही म्हणालात. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजेही शब्दच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायला मी आता मोकळा नाही.

पुढच्या महिन्यात माळावरच्या लांडग्यावर तुमचं व्याख्यान झालं. सभागृह इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही दाखवलेल्या एका फोटोत मुळात मागे टेकडी होती, तर तेवढा भाग तुम्ही कापून टाकला होता. कुणीतरी विचारलं, हे कुठलं? तुम्ही म्हणालात, “आपल्याच अंगणातलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यान संपत असतानाच तुम्हाला सांगवीहून फोन आला. म्हैस अडली होती, रेडकाचा पाय आडवा आला होता. तुम्ही बाह्या सारत व्यासपीठावरून उतरलात आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “आभाराचं तेवढं बघा, मास्तर.”

आभार म्हणजे माझा प्रांत. मंडळात त्यावरून माझी थट्टा व्हायची. माझ्या आभारात ध्वनिक्षेपकवाला, सतरंजीवाला, चहावाला, वीज न घालवल्याबद्दल वीज मंडळ, कुणीच सुटायचं नाही. एकदा वकीलसाहेब म्हणाले होते, “मास्तर ट्रान्सफॉर्मरलाही श्रीफळ देतील.” मला त्याचा अभिमान होता. कुणाचं नाव राहिलं तर रात्री झोप लागायची नाही, असा माझा स्वभाव.

त्या दिवशी मी रंगात आलो होतो. तुमच्या व्याख्यानाने मीही भारावलो होतो, हे खरं. पण त्याहून खरं हे, की ते बीळ मीही पाहिलं आहे हे मला लोकांना कळू द्यायचं होतं. मी म्हणालो, आणि ज्यांच्या मनाच्या मोठेपणामुळे डॉक्टरांना आणि मला हे दृश्य याचि डोळा पाहता आलं, त्या अमुक वस्तीवरच्या सिदूआबांचे मंडळ ऋणी आहे. वस्तीचं नाव घेतलं. माणसाचं नाव घेतलं. अगदी स्पष्ट उच्चारात.

मराठी सभेत आभार कुणी ऐकत नाही. तोवर लोक उठलेले असतात, चपला शोधत असतात, जिन्यात पोह्यांचा वास आलेला असतो. त्या दिवशीही तसंच होतं. आपल्या माणसांपैकी कुणीही ते वाक्य ऐकलं नाही. पहिल्या रांगेत मात्र पुण्याकडून आलेले दोन पाहुणे बसले होते, गळ्यात लांब नळीचे कॅमेरे. चहा घेताना ते मला म्हणाले, “सर, किती छान बोललात.” मी त्यांना आणखी पोहे वाढले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच ते भोगलंत. आठवडाभरात माळावर गाड्या आल्या, मग त्यांनी आणखी गाड्या आणल्या. गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे काहीतरी आहे, हे खालच्या वस्त्यांना कळलं. एका सकाळी बिळाच्या तोंडात धोंडे आणि बोरीचे काटे भरलेले आबांना दिसले. तुम्ही धावत गेलात, हाताने धोंडे उपसलेत. आत एक पिल्लू मेलेलं मिळालं. बाकीची मादीने आधीच हलवली असावीत, असं तुम्ही मंडळाला सांगितलंत. मला ते खरं वाटायला हवं होतं म्हणून मी ते खरं मानलं.

गाडीवाल्यांनी आबांना सांगितलं होतं, “बारामतीच्या व्याख्यानात तुमचं नाव ऐकलं.” व्याख्यान कुणाचं? डॉक्टरांचं. मग सांगितलं कुणी? आबांना दुसरा विचार करायचं कारणच नव्हतं. त्यांनी तुम्हाला तिथेच सांगितलं, पुन्हा वाड्यावर पाय ठेवू नका. त्यांच्या भावकीतल्या वाड्यांनीही तुम्हाला बोलावणं बंद केलं. तुमच्या हाताखाली ज्यांच्या मेंढ्या जगल्या, ती माणसं रस्त्यात तुम्हाला पाहून जित्राबांशी बोलायला लागली.

मग वकीलसाहेबांच्या घरी ती बैठक झाली. वकीलसाहेब सरळ माणूस. ते म्हणाले, “जागा दोघांनाच माहीत होती. कुणाच्या तोंडून गेलं, ते मंडळाला कळलं पाहिजे.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. बशीत चहा सांडला होता, तो मी कपात परत ओतत होतो. ते काम मी फार काळजीपूर्वक केलं.

“माझ्याच तोंडून गेलं असेल,” तुम्ही म्हणालात. “बोलण्याच्या ओघात. वय झालं आता.”

वकीलसाहेब म्हणाले, “डॉक्टर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“माझीही नव्हती,” तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या व्याख्यानाचा विषय काढलात.

तुम्हाला कळलं होतं का? व्याख्यानात आपण ते नाव घेतलं नाही, हे तुमच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? मग उरलं कोण? हे गणित माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनीही सोडवलं असतं. तरीही तुम्हाला कळलं नसेल, असं मी स्वतःला पटवत राहिलो. कळलं असतं तर बोलले असते, असं म्हणायचो. तुम्ही न बोलून मला जागा ठेवली होती आणि मी त्या जागेत आरामात राहायला गेलो.

त्यानंतर तुम्ही इंदापूरच्या माळाकडे भटकंती न्यायची बंद केली. रोहित चालतील, म्हणायचात, पाण्यावर बरं असतं. दुर्बीण नातवाला देऊन टाकलीत. माझ्याशी मात्र पूर्वीसारखेच भांडत राहिलात. जरासे रागावला असतात तर मला बोलायला सोपं गेलं असतं. एकदा उजनीच्या पाण्यावर होडीत आपण दोघंच एका फळीवर होतो. मी म्हणालो, “डॉक्टर, त्या लांडग्याच्या वेळी...” तुम्ही वळून पाहिलंत. मी म्हणालो, “...थंडी फार होती नाही?” तुम्ही म्हणालात, “हो. फार.” आणि परत पाण्याकडे बघायला लागलात.

गेल्या महिन्यात तुम्ही सकाळी फिरायला गेलात आणि परत आला नाहीत. वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता. पहिला विचार आला, आता सांगायचं राहिलं. दुसरा विचार आला, आता सांगावं लागणार नाही. त्या दुसऱ्या विचाराची मला इतकी लाज वाटली की मी अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चाललो.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. वकीलसाहेब चांगलं बोलले. बोलता बोलता म्हणाले, “माणूस म्हटला की चूक आलीच. डॉक्टरांकडूनही एकदा नकळत एक नाजूक गोष्ट बाहेर गेली. पण त्यांनी ती मोठ्या मनाने कबूल केली.” लोकांनी माना हलवल्या. त्या हलणाऱ्या माना बघून मी उभा राहिलो.

मी म्हणालो, “ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. आभार मानताना, याच माइकवरून.”

डॉक्टर, तुम्ही असतात तर हसला असतात. कुणी विश्वासच ठेवला नाही! वकीलसाहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “मास्तर, मित्रासाठी हे तुम्ही अंगावर घेताय. आम्ही समजू शकतो. बसा.” मागून कुणीतरी म्हणालं, “मैत्री असावी तर अशी.” इतकी वर्षं खोटं खपलं आणि खरं बोलायला लागलो तर टाळ्या मिळायची वेळ आली. मी ओरडलो. शोकसभेत ओरडलो. “अहो, मी आभार मानताना वस्तीचं नाव घेतलं! तुम्ही पोहे खात होतात!”

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मागे न वळता विचारलं, “मास्तर, खरं सांगताय?”

“खरं, वहिनी.”

“मग इथे काय सांगता? ज्यांना सांगायला हवं ते वाड्यावर आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी एसटीने गेलो आणि पुढे चालत. आबा थकले आहेत, पण काठी तीच. मला त्यांनी ओळखलं. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, अगदी पोह्यांसकट. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. ते ऐकत होते आणि एका कोकराच्या कानामागचे गोचीड काढत होते.

“म्हंजी डाक्टर न्हवता?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“आन् तुमी येवढी वर्सं गप?”

“हो.”

त्यानंतर आबांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत. सगळ्या अस्सल होत्या आणि एकही जास्तीची नव्हती. डॉक्टर, खोटं सांगत नाही, प्रत्येक शिवीबरोबर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं. शेवटी ते दमले आणि म्हणाले, “पर मास्तर, आभार मानायला तुमाला कुनी सांगितलं व्हतं? आमच्यात आभार मानत न्हाईत. तानेल्याला पानी दिलं तर त्यो पानी पितो आन् वाटंला लागतो. गावभर नाव घेत सुटतो व्हय?”

मी म्हणालो, “आमच्यात मानतात, आबा.”

“मंग तुमच्यातल्यांचं माना की! माजं कशाला?”

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं. सूनबाईने चहा आणला. तो पिऊन मी पेला खाली ठेवला आणि काही बोललो नाही. आबांनी ते पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, “डाक्टरच्या घरी आता कोन हाय?” मी म्हणालो, वहिनी आहेत. ते उठले. फेटा बांधला. “चला.” मी म्हणालो, उद्या जाऊ, ऊन झालंय. “येवढी वर्सं उद्या-उद्याच केलं न्हवं तुमी?” आबा म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.

वहिनींनी दार उघडलं तेव्हा आबा उंबऱ्यापाशीच थांबले. आत येईनात. तुमचा हार घातलेला फोटो समोर होता. त्याच्याकडे न बघता ते वहिनींना म्हणाले, “वहिनीसायेब, मी त्यास्नी वाड्यावर येऊ दिलं न्हाय. त्यांच्या गाडीचा आवाज आला की मी पाठ करायचो. मेंढरं मेली एका साली, तरी बोलावलं न्हाय. माजं चुकलं.”

वहिनी म्हणाल्या, “तुम्हाला काय माहीत, आबा.”

“म्हाईत नसंल. पर इचारायला पायजे व्हतं.”

वहिनींनी त्यांना आत घेतलं. बराच वेळ ते दोघं तुमच्याबद्दल बोलत बसले. कुठल्या मेंढीला कसं वाचवलं, कुठल्या सालच्या रोगात तुम्ही वाड्यावरच मुक्काम ठोकला, भाकरीबरोबर किती ठेचा खायचात. वहिनींना त्यातलं बरंच नवीन होतं. त्या हसत होत्या. तुम्ही गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. निघताना आबा म्हणाले, “आमच्या समद्या वाड्यांवर सांगतो. डाक्टर शबुदाचा खरा व्हता म्हून.” फोनवरून नाही, स्वतः जाऊन सांगणार म्हणाले. ते सांगतील. काल वकीलसाहेबही येऊन गेले. मंडळाच्या पुढच्या सभेत दुरुस्ती वाचून दाखवणार आहेत. मंडळाच्या कामातला माझा राजीनामा घेऊन ते थोडा वेळ बसले, आणि आभार आता कोण मानणार, अशी काळजी करत गेले.

मला दोन-तीन दिवस चांगली झोप लागली. इतक्या वर्षांनी. हे लिहितानाही मला रडू येत नाही, हलकं वाटतं आहे, आणि तुमच्या जाण्याच्या दुःखात हलकं वाटावं याचं थोडं आश्चर्य वाटतं. तुमचं नाव माळावर पुन्हा जागेवर बसलं. ते तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं, एवढंच. माझा खरा गुन्हा आता मला नीट दिसतो. नाव घेतलं ती चूक होती. ती तुम्ही त्याच दिवशी हसून सोडली असतीत, कदाचित मला दोन दिवस टोमणे मारले असतेत. पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी कपाकडे पाहिलं. त्यानंतर तुम्ही इतक्या वर्षांत रोज त्या माळावाचून राहिलात, आणि मी रोज तुमच्याबरोबर चहा प्यायलो.

सिदूआबा उंबऱ्यात उभ्याउभ्या जे दोन शब्द बोलून गेले, ते मला इतकी वर्षं जमले नाहीत. त्या दोन शब्दांची मी भाषणं तयार केली होती. एक होडीत म्हणायचं होतं, एक तुमच्या पंच्याहत्तरीला, एक नुसतंच फाटकाशी. प्रत्येकात कारणं होती आणि प्रत्येक चांगलं लांबलचक होतं. ती सगळी टाकून दिली.

डॉक्टर, ते मी होतो. माझं चुकलं. मला माफ करा.